त्र्यंबका, झोपलास का रे?

कल्याण, मंगळवार, ता. ५ फेब्रुवारी १८८९

चि. सौ. कलावती हिस,

अनेक आशीर्वाद. तू ठाण्याला सुखरूप पोचलीस हे तुझ्या दादाच्या कार्डावरून कळलं. आनंदरावांनी कार्डावर चारच ओळी लिहिल्या आणि त्या चारही ओळी डाकवाल्याने ओट्यावर उभं राहून हौसाआत्याला वाचून दाखवल्या. म्हणून मी पाकिटातून लिहितो आहे. तूही पाकिटातूनच लिही.

इकडे सर्व क्षेम. माझा ताप उतरला. आत्याची कंबर धरली आहे. मेतकुटाची बरणी सापडत नाही. तू 'चार दिवस जाऊन येते' म्हणून गेलीस, त्याला आज आठ दिवस झाले. लोक विचारतात. मी सांगतो, भावाकडे काही कार्य आहे. ठाण्यात काय कार्य आहे ते एकदा कळव, म्हणजे आपल्या दोघांचं सांगणं जुळेल.

एका वाक्यापायी घर सोडायचं म्हणजे अती झालं, हे मी स्पष्ट लिहितो. तू खेळ डोळ्यांनी पाहिला नाहीस. हळदीकुंकवाला बायकांनी जे सांगितलं तेवढंच तुझ्या कानावर. म्हणून आता माझ्याकडून ऐक.

'बायकांची कचेरी अथवा पुरुषांचे चुलीपुढे हाल' हा फार्स मी लिहिला तो निव्वळ गंमत म्हणून. बायको मामलेदार, नवरा चुलीपुढे. ती पागोटं घालून कचेरीत जाते, तो दळतो, आणि दळता दळता झोपतो. बायकोचं काम माझं आणि नवऱ्याचं भिवाचं. भिवा रेल्वेत खलाशी, अंगाने रेड्यासारखा, त्याच्या हातात जात्याचा खुंटा दिला की लोक आधीच हसतात. आमचा थाट तुला माहीत आहे. मामलेदाराची खुर्ची म्हणजे रॉकेलचं खोकं. पडदा एकच, राजवाड्याचा, त्यामुळे आमची चूल राजवाड्यात पेटते. भिवाची मिशी खळीने चिकटवलेली. ती दुसऱ्या प्रवेशात परातीत पडते आणि तो पीठ झटकून परत लावतो. दिव्यांची सोय नाही म्हणून खेळ भर दुपारी, भाताच्या वखारीत.

नवऱ्याचं नाव फार्सात गणू आहे. मी स्वतः गणू असं लिहिलं आहे, वही दाखवीन. बायको कचेरीतून येते, नवरा जात्यापाशी घोरतोय, ती कमरेवर हात ठेवून म्हणते, 'गणू, झोपलास का?' एवढंच. पण त्या दिवशी मी तुझं डाळिंबी लुगडं नेसलो होतो. पदराला तुझ्या पेटीतल्या वाळ्याचा वास येत होता, समोर माणूस घोरत होता, आणि तोंडातून निघून गेलं, 'त्र्यंबका, झोपलास का रे?' अगदी तुझ्या आवाजात.

लोक असे हसले की आढ्यावरची कबुतरं उडून गेली. त्र्यंबक कारकुनाला कल्याणात कोण ओळखत नाही? बायकोच्या वेषात उभा राहून मी स्वतःलाच हाक मारतो आहे म्हटल्यावर ती हाक कुठून आली ते कळायला कोणाला किती वेळ लागणार?

चूक झाली. पण जिभेची झाली, मनाची नव्हे. येत्या रविवारी सकाळच्या गाडीने ये. आत्याही वाट पाहते आहे. दळण तिला झेपत नाही.

त्र्यंबक


कल्याण, मंगळवार, ता. १२ फेब्रुवारी १८८९

चि. सौ. कलावतीस,

रविवारी मी स्टेशनात होतो. सहज गेलो होतो. दुसऱ्या गाडीलाही होतो, कारण पहिलीला तू नव्हतीस. स्टेशनमास्तरने विचारलं, कोणी पाहुणे? मी म्हटलं, नाही, गाड्या वेळेवर येतात का बघतो आहे.

पत्राचं उत्तर नाही. पाकीट पोचलं का? कचेरीत माझ्या हातून एकाच दस्तऐवजाची नक्कल दोनदा लिहिली गेली. घरात आलो की या खोलीतून त्या खोलीत जातो आणि कशाला आलो ते आठवत नाही. अंथरूण तीन ठिकाणी टाकून पाहिलं.

आणखी एक गंमत तेव्हा तुला सांगायची राहिली. फार्ससाठी मिशी काढली ती तू पाहिलीसच, दर रविवारच्या खेळामुळे ती अजून वाढू देता येत नाही. कचेरीत सगळे पहिल्या दिवशी जवळ येऊन हळू आवाजात विचारत होते, 'कोण गेलं?' वडिलांना जाऊन सात वर्षं झाली आहेत हे सांगता सांगता पुरेवाट झाली. तू तिथे असतीस तर हसली असतीस.

काल माळ्यावर गेलो. तुझी पाटी तिथेच आहे, फडकंही. आत्या रविवारी दुपारी पुराणाला गेली की आपण वर चढायचो. तू वाचायचीस आणि मला बाराखडीनेच डुलकी लागायची. पहिला शब्द तू सलग वाचलास तो माझं नाव. मी मुद्दाम तेच लिहिलं होतं. तू वाचलंस आणि तोंडावर हात ठेवलास. मी म्हटलं, पाटीवरचं वाचलं तर काय बिघडतं? मग पुढच्या रविवारी म्हटलं, पाटी नसताना म्हण. तुला महिना लागला. आणि एकदा म्हणालीस ती मला खडसवायलाच, झोपलास का रे म्हणून. त्या दिवसापासून मी कितीदा जागा असून डोळे मिटले ते तुला सांगितलेलं नाही.

असो. महत्त्वाचं हे की ते वाक्य मी काढून टाकलं आहे. आता गणूच. शपथेवर सांगतो. तेव्हा तुझी काही हरकत उरू नये.

हे पत्र थॉमसच्या हाती देतो आहे. तो आमच्या मंडळीत फिडल वाजवतो. राहायला कोलशेतला, घरी जाताना ठाण्यावरूनच जातो. काही सांगायचं तर त्याच्यापाशी सांग, पण जवाब लिहून दिलास तर बरं.

त्र्यंबक


कल्याण, सोमवार, ता. १८ फेब्रुवारी १८८९

चि. सौ. कलावतीस,

आनंदाची बातमी. ठाण्याहून बोलावणं आलं! मासुंदा तलावाच्या काठी मांडव घालणार आहेत, खेळ १० मार्चला, रविवारी, दुपारी तीनला. बायकांना बसायला वेगळी जागा, बांबूच्या काड्यांच्या चिकाचा पडदा सोडलेला. तू आनंदरावांना घेऊन ये. एकदा पाहिलास की तुझा राग राहणार नाही. खेळ आता फार बसला आहे. काल तर वखारीत उभं राहायला जागा नव्हती. भिवा घोरायला लागला की लोक आता वाक्याच्या आधीच हसायला सुरुवात करतात, मला कमरेवर हात ठेवून नुसतं थांबावं लागतं.

भिवा म्हणतो, 'आरं तिरमक, सगला ख्याल त्या एका जागंव हुबा हाय.' अडाणी आहे, पण खेळातलं त्याला कळतं. कारकून म्हणून पंधरा वर्षं काढली, कोणी मान वर करून पाहिलं नाही. आता पारनाक्यावरून जाताना लोक थांबून बघतात. हे मला वाईट वाटत नाही, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही.

थॉमसने सांगितलं, तू पत्र घेतलंस आणि 'बरं' म्हणालीस. बरं म्हणजे काय?

आत्याने मेतकुटाची बरणी शोधून काढली. उघडून पाहिली तर रिकामी.

त्र्यंबक


कल्याण, शुक्रवार, ता. १ मार्च १८८९

कलावती,

थॉमस सोमवारी वखारीत फिडलला तार लावत बसला होता. मी विचारलं, काही निरोप? तर मान खाली घालून म्हणाला, 'तुमच्या बाईन एकच गोष्ट इचारली, ते वाक्य काढलं का. मी काय सांगू? उपासाचे दिवस तोंडावर आल्यान, खोटं नाय बोलवत. सांगितलं, नाय काढलं.' मी त्याच्यावर ओरडलो. तो म्हणाला, 'माझी बायको जोसेफिन रागावली का माझं नाव घेते, पाद्रीबाबासमोर पन घेते. तरी मी जिता हाय. पन मी ते बाजारात सांगत नाय फिरत.'

तेव्हा आता लपवून काय करू? मागच्या पत्रात मी स्वतःच लिहून बसलो आहे की लोक आधीच हसतात. गणूला कोण हसेल? तू तेव्हाच ओळखलं असशील, फक्त खात्री करून घेतलीस.

पहिल्यांदा चुकून गेलं ते खरं. पण पुढच्या रविवारी मी विंगेत उभा होतो तेव्हा मला माहीत होतं की मी ते म्हणणार आहे. आतापर्यंत सहा खेळ झाले, सहाही वेळा म्हटलं. दरवेळी ठरवतो, आजचा दिवस, पुढच्या वेळी गणू. मग ते हसू येतं आणि माझे पाय जमिनीवरून सुटतात.

आणखी एक आहे, आणि ते लिहायला मला तीन दिवस लागले. हळदीकुंकवाहून तू परत आलीस तो दिवस. बायकांनी तुला म्हटलं होतं, 'तुला कशाला उखाणा हवा? तू तर रोजच नाव घेतेस.' तू रडली नव्हतीस. मी तापाने अंथरुणावर होतो आणि आत्या तुला म्हणाली, 'नाव घेऊन घेऊन त्याचं आयुष्य खाल्लंस, म्हणून हा ताप.' तू माझ्याकडे पाहिलंस. मी फक्त एवढं म्हणायचं होतं की आत्या, मीच तिला सांगितलं होतं म्हणायला. मी कुशीवर वळलो. डोळे मिटून घेतले. तुला वाटलं असेल झोप लागली. मी जागा होतो, कलावती.

तुझा राग त्या वाक्याचा नाही, या वळण्याचा आहे, हे मला तेव्हाच कळलं होतं. वाक्यावर भांडत राहिलो कारण ते सोपं होतं.

ठाण्याच्या खेळात ते वाक्य येणार नाही. या वेळी शपथ घेत नाही. माझ्या शपथांचं तू काय करणार?

त्र्यंबक


कल्याण, सोमवार, ता. ११ मार्च १८८९

कलावती,

काल काय झालं ते तुला इतर कोणाकडून कळण्याआधी लिहितो. तू चिकाच्या पडद्याआड होतीस की नाही हे मला ठाऊक नाही.

मांडव भरला होता. कल्याणची पन्नासेक माणसं गाडीने आली होती, तीच मंडळी पुन्हा, आणि शेजारच्यांना सांगत होती की थांबा, ती जागा येऊ द्या. ती जागा आली. भिवा घोरायला लागला. मी कमरेवर हात ठेवला आणि म्हटलं, 'गणू, झोपलास का?'

भिवाने एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं. मग मागून कोणीतरी ओरडलं, 'हे नव्हं! नाव घे!' दुसरा ओरडला, 'नाव घे!' मग टाळ्यांच्या ठेक्यावर सगळेच, लग्नघरी नव्या नवरीला बायका अडवतात तसे, नाव घे, नाव घे. चार-पाचशे पुरुष, कलावती, आणि मी तुझ्या लुगड्यात मध्ये उभा. मी पदर पुढे ओढला. का ओढला कोण जाणे, हात आपोआप गेला. मान खाली गेली. मला वाटलं, आता थांबतील. पण त्यांना वाटलं मी लाजण्याची नक्कल करतो आहे. असलं हसू कल्याणात एकदाही आलं नव्हतं. लोक एकमेकांच्या अंगावर पडत होते. मी खरोखर रडत होतो आणि तो माझा सर्वांत गाजलेला प्रवेश झाला.

मी निघालो. मांडवातून बाहेर, तसाच. थॉमसने फिडल सुरू केलं म्हणतात आणि भिवा बिचारा पुढचं वाक्य कानावर पडेना म्हणून घोरतच राहिला. तलावाच्या कडेने मी तुझ्या दादाच्या घराकडे चालत होतो, डोक्यावर ते केसांचं गंगावन लोंबतंय, मागे पोरं, कुत्री, दोन भाजीवाल्या. दार वाजवलं. आनंदरावांनी आतूनच विचारलं, 'कोण?' मी पुन्हा दार वाजवलं. त्यांनी दार किलकिलं केलं, वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, 'बाई, कोण आपण? नाव काय?'

साधा प्रश्न. मी तोंड उघडलं आणि नाव बाहेर येईना. सहा वेळा वखारभर लोकांसमोर ओरडलेलं माझं स्वतःचं नाव. मी मान खाली घातली. त्यांनी मला ओळखलं असावं, कारण त्यांचा चेहरा पांढरा पडला आणि त्यांनी दार लावून घेतलं. त्यांचं चुकलं नाही. मी कोणत्या तोंडाने काय सांगणार होतो?

आज सकाळी आत्याला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, 'आत्या, नाव घ्यायला मी तिला सांगितलं. तिने महिनाभर नाही म्हटलं होतं. ताप आला तेव्हा मी जागा होतो आणि गप्प बसलो.' आत्याने एक खडा काढून बाजूला ठेवला. मग म्हणाली, 'तुझ्या आतोबांचं नाव मी जन्मात एकदाच घेतलं. कचेरीत मयताची नोंद करायला गेले तेव्हा. त्या कारकुनाला ऐकू गेलं नाही, म्हणून दोनदा घ्यावं लागलं.' आणि सूप बाजूला ठेवून उठून गेली. एवढ्या वर्षांत मी तिला हे कधी विचारलं नव्हतं. संध्याकाळी तिने सांगितलं, 'तिला लिही, हौसाबाई म्हणते, ये.'

फार्सची वही भिवाला देऊन टाकली. त्याला वाचता येत नाही, त्याच्यापाशी ती सुरक्षित राहील.

लुगडं धुऊन वाळत घातलं आहे. काठाला थोडा चिखल राहिला आहे, तो निघत नाही. काय करू ते कळव. यायला सांगत नाही. सांगायचा हक्क मी घालवला आहे. फक्त लुगड्याचं कळव.

त्र्यंबक


ठाणे, गुरुवार, ता. १४ मार्च १८८९

साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

हे माझं पहिलंच पत्र. अक्षर तुम्हीच शिकवलेलं आहे, तेव्हा हसू नये.

मी खेळाला आले नव्हते. येणारही नव्हते. दुपारी माडीच्या खिडकीशी शेंगा सोलत बसले होते. गल्लीत गलका झाला म्हणून पाहिलं तर माझं डाळिंबी लुगडं चालत येत होतं. निऱ्या सगळ्या डाव्या अंगाला गेल्या होत्या. दोन महिने बायको होऊन फिरता आणि अजून निऱ्या येत नाहीत. दादाने नाव विचारलं आणि तुम्ही मान खाली घालून उभे राहिलात, ते मी वरून पाहिलं. हळदीकुंकवाला माझंही असंच झालं होतं. मला इतके दिवस वाटत होतं की ते तुम्हाला सांगून कळायचं नाही.

राग अजून आहे. वाक्य नेलंत त्याचा आहे आणि कुशीवर वळलात त्याचा जास्त आहे. तो एका पत्राने जाईल असं समजू नका. थॉमसकाकांजवळ मी म्हटलं होतं 'बरं', त्याचा अर्थ तुम्ही विचारलात. त्याचा अर्थ होता, खोटं बोलताय हे मला कळलं.

आत्यांचा निरोप दोनदा वाचला. त्यांना सांगा, बरणीत मेतकूट नव्हतं हे मला माहीत होतं. निघायच्या दिवशी मीच शेवटचं वाढलं होतं.

फार्स वाईट नाही. तुमच्या पत्रांतून मला सगळा कळला. पण बायको चुकली आहे. दिवसभर कचेरी करून आलेली बाई जात्यापाशी झोपलेल्या नवऱ्याला हाक मारून उठवणार नाही. ती पागोटं खुंटीला लावील आणि उरलेलं दळून टाकील. तुम्ही बाई लिहिली नाहीत, लुगडं नेसलेला कारकून लिहिला. वही भिवाकडून परत घ्या. तो प्रवेश आपण माळ्यावर बसून नीट करू, मग गणूचं काय करायचं ते करा.

काठाचा चिखल घासू नका, रंग जाईल. रिठ्याच्या पाण्यात भिजत ठेवा. शिमगा झाला की मंगळवारी सकाळच्या गाडीने लुगडं घेऊन या. धोतर नेसून या. मिशी आली नसली तरी चालेल.

दार दादाच उघडेल. तो अजून फुगलेला आहे, मुद्दाम विचारील, कोण, नाव काय. वहिनी मागे उभी असेल, शेजारच्या बायकाही येतील, त्यांना सगळं कळलेलं आहे. तुम्ही काही बोलू नका.

मी जिन्यात असेन. नाव मी सांगेन.

कलावती